अपाचीच्या पोटात आपला कोड : वेब सर्व्हरचं मॉड्यूल लिहिताना



नेटवर्क्सच्या लॅबमध्ये आपण सगळेच एकदा अपाची इन्स्टॉल करतो. ब्राउझरमध्ये ‘इट वर्क्स!’ हे पान दिसलं की त्याची प्रिंट जर्नलला चिकटवतो, सरांची सही घेतो आणि विषय मिटतो. ओरलला फार तर ‘पोर्ट नंबर सांग’ असा प्रश्न येतो. ८० म्हणायचं आणि सुटायचं.

खरी गंमत इन्स्टॉलेशननंतर सुरू होते. समजा, विभागाच्या सर्व्हरवर असाइनमेंट जमा करण्याचं एक फोल्डर आहे. नियम असा, की शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता ते बंद झालं पाहिजे. प्रत्येक विषयाचं फोल्डर वेगळं, प्रत्येकाची मुदत वेगळी. हे काम लॅब असिस्टंटने घड्याळाकडे बघत करायचं का? की अपाचीच्या मूळ सोर्स कोडमध्ये हात घालायचा? तो नुसता वाचायला घेतला तरी सेमिस्टर संपेल. शिवाय अपाचीची पुढची आवृत्ती आली की आपला सगळा बदल पुन्हा करायचा.

यावरचं उत्तर म्हणजे मॉड्यूल. सर्व्हरचा मूळ कोड जसाच्या तसा ठेवून त्याला नवीन काम शिकवणारा आपला छोटा तुकडा. या लेखात आपण ‘मुदत’ नावाचं असं एक मॉड्यूल कागदावर पूर्ण करणार आहोत. सी भाषा आणि पॉइंटर जेमतेम येत असतील तरी चालेल. खरा प्रोग्राम अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहायचा. इथे त्याच्या पायऱ्या मराठीत मांडल्या आहेत. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो. मॉड्यूल लोड झालं की आपला कोड सर्व्हरच्या बाहेर उभा नसतो, तो सर्व्हरचाच भाग होतो. त्याची ताकद सर्व्हरची आणि त्याची चूकही सर्व्हरचीच. हा धडा या एका वाक्याभोवती फिरतो.

आधी थोडा इतिहास

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेत रॉब मॅककूल यांनी लिहिलेला वेब सर्व्हर लोकप्रिय होता. १९९४च्या मध्यात मॅककूल तिथून बाहेर पडले आणि त्या सर्व्हरची वाढ थंडावली. ठिकठिकाणचे वेबमास्टर आपापल्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, स्वतःच करत बसले. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांतल्या काहींनी ई-मेलवरून एकत्र येऊन अपाची ग्रुप स्थापन केला आणि एप्रिल १९९५ मध्ये पहिली जाहीर आवृत्ती काढली.

ठिगळं लावून फार काळ चालत नाही, हे लवकरच कळलं. त्याच ग्रुपमधल्या रॉबर्ट थाऊ यांनी सर्व्हरची नवी रचना केली. तिचं सांकेतिक नाव होतं ‘शांभाला’. या रचनेत मॉड्यूल जोडण्याची सोय होती आणि मेमरीसाठी ‘पूल’ ही कल्पना होती. ग्रुपने जुलै १९९५ मध्ये ही रचना स्वीकारली आणि १ डिसेंबर १९९५ रोजी अपाची १.० बाहेर पडला. वर्षभराच्या आत त्याने एनसीएसएच्या सर्व्हरला मागे टाकलं.

पुढे हाच साचा वाढत गेला. पत्ते बदलणारं मॉड-रीराइट, एनक्रिप्शनसाठी मॉड-एसएसएल, पर्लसाठी मॉड-पर्ल, पीएचपीसाठी मॉड-पीएचपी ही सगळी मॉड्यूल्सच. त्यांतली कित्येक सर्व्हरच्या मूळ टीमबाहेरच्या लोकांनी लिहिली. २००२ साली आलेल्या २.० आवृत्तीत अंतर्गत रचना बरीच बदलली आणि २०१२ साली २.४ आली. खालची चर्चा २.४ धरून आहे.

सीजीआय आणि मॉड्यूल

‘सर, सीजीआय स्क्रिप्ट लिहूनही सर्व्हरकडून काम करून घेता येतं की!’ बरोबर. पण फरक बघा.

सीजीआयमध्ये प्रत्येक रिक्वेस्टसाठी एक नवीन प्रोसेस जन्माला येते, काम करते आणि मरते. मेसमध्ये प्रत्येक ताटासाठी बाहेरून नवा आचारी बोलवावा, त्याने स्वतःची शेगडी मांडावी, एक ताट वाढावं आणि शेगडी गुंडाळून निघून जावं, तसं हे आहे. वेळ जातो. पण एक फायदाही आहे. त्या आचाऱ्याची भाजी करपली तर एकच ताट वाया जातं.

मॉड्यूल म्हणजे मेसच्या स्वयंपाकघरातला कायमचा आचारी. शेगडी पेटलेलीच आहे, सामान हाताशी आहे, काम झटपट होतं. पण याने गॅस चालू ठेवला तर अख्खी मेस धोक्यात. मॉड्यूलचं फंक्शन सर्व्हरच्याच प्रोसेसमध्ये, सर्व्हरच्याच मेमरीत चालतं. दोघांच्या मध्ये भिंत नाही.

रिक्वेस्टचा प्रवास

बाहेरचा माणूस हॉस्टेलमध्ये येतो तेव्हा काय होतं? गेटवर थांबवतात, कुणाकडे जायचंय ते विचारतात, ओळखपत्र बघतात, परवानगी आहे का पाहतात, मग खोलीवर सोडतात आणि शेवटी रजिस्टरमध्ये नोंद होते. अपाचीमध्ये रिक्वेस्टचं अगदी असंच असतं. मुख्य टप्पे असे :

१. पत्त्याचं भाषांतर : मागितलेला पत्ता डिस्कवरच्या कोणत्या फाइलशी जुळतो ते ठरवणं.
२. प्रवेश-तपासणी : कोण आहे हे न विचारता, कुठून आला किंवा केव्हा आला यावरून अडवणं.
३. ओळख : युजरनेम आणि पासवर्ड तपासणं.
४. अधिकार : ओळख पटली, पण या फोल्डरची परवानगी आहे का?
५. प्रकार : फाइल चित्र आहे, मजकूर आहे की स्क्रिप्ट, ते ठरवणं.
६. किरकोळ दुरुस्त्या : उत्तर तयार करण्याआधीची शेवटची संधी.
७. हँडलर : प्रत्यक्ष उत्तर तयार करणं.
८. लॉग : नोंद करणं.

प्रत्येक टप्प्यावर अपाचीने एक खुंटी ठोकून ठेवली आहे. तिला हूक म्हणतात. आपलं फंक्शन त्या खुंटीला अडकवायचं. रिक्वेस्ट तिथे पोचली की अपाची ते फंक्शन आपणहून बोलावतो. आपल्या मॉड्यूलमध्ये ‘मेन’ फंक्शन नसतं, याचं पहिल्यांदा नवल वाटतं. आपण सर्व्हरला बोलावत नाही, सर्व्हर आपल्याला बोलावतो.

‘मुदत’ मॉड्यूल कुठे अडकवायचं? हँडलरच्या टप्प्यावर फार उशीर होईल, कारण तिथे अपलोड घेणाऱ्या स्क्रिप्टची पाळी आलेली असते. आपल्याला ‘केव्हा आला’ यावरून अडवायचं आहे, म्हणून दुसरा टप्पा, प्रवेश-तपासणी. टप्पा नीट निवडला की निम्मं काम झालं.

तीन प्रकारची उत्तरं

हूकवरच्या फंक्शनने अपाचीला उत्तर द्यायचं असतं. ते साधारण तीन प्रकारचं असतं.

पहिलं ‘ओके’ : माझं काम मी केलं, सगळं ठीक आहे.
दुसरं ‘डिक्लाइन्ड’ : हे माझ्या अखत्यारीतलं नाही, दुसऱ्याला विचारा.
तिसरं म्हणजे एचटीटीपीचा एखादा कोड, उदाहरणार्थ ४०३ : थांबवा, आत सोडू नका.

यात एक बारकावा आहे. काही हूकवर पहिल्या ‘ओके’लाच रांग संपते. हँडलर हा त्यांतलाच. एकाने उत्तर दिलं की बाकीच्यांना विचारत नाहीत. काही हूकवर मात्र सगळ्यांना विचारतात. प्रवेश-तपासणी अशी आहे. ‘ओके’ किंवा ‘डिक्लाइन्ड’ आलं तर पुढच्याला विचारायचं. एकानेही नकार दिला की दार बंद.

नवशिक्यांची नेहमीची फसगत हँडलरमध्ये होते. अपाची प्रत्येक रिक्वेस्टसाठी रांगेतल्या हँडलरना एकेक करून विचारतो. म्हणून आपल्या फंक्शनने सर्वांत आधी ‘हे माझं काम आहे का?’ म्हणजे हँडलरचं नाव जुळतं का, ते बघायचं आणि नसेल तर लगेच ‘डिक्लाइन्ड’ म्हणायचं. ही एक ओळ राहिली तर लायब्ररीचं पान उघडा, निकालाचं पान उघडा, सगळीकडे आपलं ‘हॅलो वर्ल्ड’!

मुदत : मूळ फंक्शन

आता आपलं फंक्शन लिहू.

फंक्शन मुदत-तपास, इनपुट : रिक्वेस्ट
 या फोल्डरची सेटिंग काढा
 मुदत दिलेलीच नसेल तर : डिक्लाइन्ड
 रिक्वेस्ट आल्याची वेळ, मुदत अधिक सवलत यांच्या पुढे नसेल तर : डिक्लाइन्ड
 नाहीतर : कारण एरर लॉगमध्ये लिहा आणि ४०३ परत द्या

संपलं. चार-पाच ओळींचं फंक्शन. पण प्रत्येक ओळीखाली एकेक खड्डा आहे, तो आता बघू.

‘रिक्वेस्ट आल्याची वेळ’ कोणती? अपाची रिक्वेस्टच्या स्ट्रक्चरमध्ये ती वेळ नोंदवून ठेवतो, तीच घ्यायची. ही नोंद रिक्वेस्टची पहिली ओळ वाचली तेव्हाची असते. जोडलेली फाइल नंतर, हँडलरच्या टप्प्यावर वाचली जाते. म्हणजे ४ वाजून ५९ मिनिटं ५८ सेकंदांनी ‘सबमिट’ दाबलं, रिक्वेस्ट सर्व्हरला पोचली आणि हॉस्टेलच्या संथ नेटवर फाइल पोचायला दोन मिनिटं लागली, तरी ती वेळेत आली असंच धरलं जाईल. हा न्याय आहे आणि तो योग्य टप्पा निवडल्यामुळे आपोआप मिळाला.

वेळेचे तीन खड्डे

पहिला खड्डा : एकक. अपाचीच्या एपीआर लायब्ररीत वेळ मायक्रोसेकंदांत मोजतात, १ जानेवारी १९७० पासून. सी भाषेचं नेहमीचं ‘टाइम’ फंक्शन सेकंद देतं. मुदत सेकंदांत ठेवली आणि रिक्वेस्टची वेळ मायक्रोसेकंदांत आली तर दुसरी संख्या पहिलीच्या दहा लाख पट मोठी. मग कुठलीही मुदत कधीच उलटून गेलेली. सोमवारी सकाळी फोल्डर तयार केलं आणि पहिल्याच मिनिटापासून सगळ्या वर्गाला ४०३! कंपायलर काहीही म्हणत नाही, त्याच्या दृष्टीने दोन्ही पूर्णांकच.

दुसरा खड्डा : साडेपाच तास. एपीआरची वेळ ग्रीनिचप्रमाणे चालते. भारताची वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटं, म्हणजे १९,८०० सेकंद पुढे. कॉन्फिगरेशनमध्ये ‘१७:००’ लिहिलं आणि रूपांतर करताना हा फरक धरला नाही, तर सर्व्हर ते ग्रीनिचचे ५ समजेल. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. फोल्डर तोपर्यंत उघडं. मुलं खूश, सर हैराण आणि ज्यांनी धावतपळत ४ वाजता जमा केलं ते चिडलेले. एपीआरमध्ये तारखेच्या भागांपासून वेळ बनवणारी दोन फंक्शन्स आहेत. एक हा फरक हिशेबात घेतं, दुसरं घेत नाही. नावं सारखी दिसतात म्हणून डॉक्युमेंटेशन वाचूनच निवडा.

तिसरा खड्डा ओरलचा लाडका : तारखेच्या स्ट्रक्चरमध्ये महिना ० पासून सुरू होतो आणि वर्ष १९०० पासून मोजतात. मार्च म्हणजे २, तीन नव्हे.

सेटिंग : कॉन्फिगरेशन फाइलमधून आत

मुदत कोडमध्ये लिहून ठेवली तर प्रत्येक विषयासाठी पुन्हा कंपाइल करावं लागेल. म्हणून आपल्या मॉड्यूलचे स्वतःचे दोन डायरेक्टिव्ह बनवू : ‘मुदत’ आणि ‘सवलत-मिनिटं’. ते कॉन्फिगरेशन फाइलमध्ये प्रत्येक फोल्डरच्या विभागात लिहायचे.

यासाठी मॉड्यूलच्या मुख्य स्ट्रक्चरमध्ये सहा जागा असतात. फोल्डरपुरती सेटिंग तयार करणारं फंक्शन, अशा दोन सेटिंग एकत्र करणारं फंक्शन, सर्व्हरपुरत्या सेटिंगसाठी तशीच दोन, डायरेक्टिव्हची यादी आणि शेवटी हूक नोंदवणारं फंक्शन. आपल्याला सर्व्हरपुरत्या दोन लागत नाहीत, तिथे ‘नल’ लिहायचं.

‘एकत्र करणारं’ फंक्शन पुष्कळ जण सोडून देतात. ते का सोडू नये, बघा. वरच्या फोल्डरला ‘मुदत शुक्रवार ५ वाजता’ दिली आहे. आत ‘बी-बॅच’चं फोल्डर आहे. त्या बॅचचं प्रॅक्टिकल उशिरा सुटतं म्हणून त्याच्या विभागात फक्त ‘सवलत १० मिनिटं’ एवढंच लिहिलं. एकत्र करणारं फंक्शन नसेल तर आतल्या फोल्डरची सेटिंग वरच्या सेटिंगची जागा पूर्णपणे घेते. आतल्या सेटिंगमध्ये मुदत दिलेलीच नाही. आपलं फंक्शन काय म्हणेल? ‘डिक्लाइन्ड’! बी-बॅचला १० मिनिटांऐवजी कायमची सवलत. एकत्र करताना प्रत्येक बाबीसाठी वेगळं विचारायचं : आतल्याने दिली असेल तर आतल्याची, नाहीतर वरच्याची.

डायरेक्टिव्ह वाचणाऱ्या फंक्शनची सोय छान आहे. सगळं ठीक असेल तर ‘नल’ परत द्यायचं, चूक असेल तर चुकीचं वर्णन. कुणी ‘३१ फेब्रुवारी’ लिहिलं तर आपण तसं वर्णन परत द्यायचं. सर्व्हर ते दाखवून सुरू व्हायलाच नकार देतो. चूक पकडायची ती दिवसाउजेडी, सर्व्हर सुरू करताना. शुक्रवारी ५ वाजता नव्हे.

जुन्या कॉन्फिगरेशन फाइलींत ‘सॅटिस्फाय एनी’ अशी एक ओळ कधीकधी भेटते. तिचा अर्थ, प्रवेश-तपासणी किंवा पासवर्ड, दोन्हींपैकी एक जमलं तरी आत सोडा. या ओळीखाली आपला ४०३ शेवटचा शब्द राहत नाही. उशिरा आलेल्याकडे बरोबर पासवर्ड असला की तो आत! आपलं फंक्शन शंभर टक्के बरोबर असूनही नियम मोडतो. मॉड्यूल एकटं राहत नाही. शेजारी कोण आहे आणि त्यांचं आपापसांत कसं ठरलंय, हे पाहावंच लागतं.

मेमरी : पूल ही थोर सोय

सी भाषेत ‘मॅलॉक’ने मेमरी घेतली की ‘फ्री’ने परत करायची, हे एफ.ई.पासून ऐकतो. प्रोग्राम दोन सेकंदांत संपणार असेल तर विसरलं तरी चालून जातं. सर्व्हर संपत नाही. दर रिक्वेस्टला १ केबी परत करायची राहिली, तर १ लाख रिक्वेस्टनंतर जवळजवळ १०० एमबी अडकलेले असतात.

अपाचीने यावर पूलची युक्ती केली आहे. प्रत्येक रिक्वेस्टला स्वतःचा पूल मिळतो. मेमरी त्यातून घ्यायची आणि परत करायची चिंता सोडून द्यायची. रिक्वेस्ट संपली की अपाची अख्खा पूल एकदम रिकामा करतो. कनेक्शनचा पूल वेगळा, कॉन्फिगरेशनचा वेगळा. प्रत्येकाचं आयुष्य वेगळं.

इथे नियम एकच. वस्तू जितकी जगायला हवी तितकं जगणाऱ्या पुलातूनच तिची मेमरी घ्या. रिक्वेस्टच्या पुलातला पॉइंटर सेटिंगमध्ये साठवला तर रिक्वेस्ट संपताच तो पॉइंटर हवेत. उलट, दर रिक्वेस्टला कॉन्फिगरेशनच्या पुलातून मेमरी घेतली तर ती सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत सुटणार नाही. पूल असूनही गळती.

‘आज किती जणांना अडवलं?’

मॉड्यूल चाललं की पुढची फर्माईश हमखास येते. अडवलेल्यांचा आकडा दाखवा. सोपं आहे असं वाटतं. एक ग्लोबल व्हेरिएबल घ्यायचं आणि दर वेळी एकने वाढवायचं.

अपाची एकाच वेळी अनेक रिक्वेस्ट हाताळतो. ‘प्रीफोर्क’ पद्धतीत अनेक चाइल्ड प्रोसेस असतात आणि प्रत्येकीकडे त्या व्हेरिएबलची स्वतंत्र प्रत. एकीत ७, दुसरीत ३, तिसरीत ०. पान रिफ्रेश केलं की कधी ७ दिसतील, कधी ३. ‘वर्कर’ आणि ‘इव्हेंट’ पद्धतीत एका प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड असतात. तिथे दोन थ्रेडनी एकदम ७ वाचले, दोघांनी ८ केले, दोघांनी ८ लिहिले. माणसं दोन अडवली, आकडा एकनेच वाढला.

उपाय आहेत. प्रोसेसमध्ये वाटून घेतलेली मेमरी, म्युटेक्स, एकसंध वाढ करणारी ॲटॉमिक फंक्शन्स, हे सगळं एपीआरमध्ये मिळतं. पण त्याआधी स्वतःला विचारा, आकडा आत्ताच्या आत्ता हवाय का? आपण प्रत्येक नकार लॉगमध्ये लिहितोच आहोत. संध्याकाळी त्या ओळी मोजल्या की झालं. आणि एखादा मुलगा ‘मी वेळेत केलं होतं’ म्हणत आला, तर त्याच्यासमोर ठेवायला नेमकी वेळ लिहिलेली ओळ असते. त्याचं खरं असेल तर तेही त्याच ओळीवरून कळतं. टर्म वर्कच्या मार्कांचा प्रश्न आहे. मशीनने नकार दिला तर कारणही मशीनने नोंदवून ठेवलं पाहिजे.

कंपाइल आणि चाचणी

अपाचीबरोबर ‘एपीएक्सएस’ नावाचं साधन मिळतं. एकाच कमांडमध्ये ते आपली सी फाइल कंपाइल करतं, योग्य डिरेक्टरीत ठेवतं आणि कॉन्फिगरेशनमध्ये ‘लोडमॉड्यूल’ची ओळ घालतं. लिनक्सच्या काही प्रकारांत हे साधन वेगळ्या डेव्हलपमेंट पॅकेजमध्ये असतं, आधी ते टाकून घ्या. दुसऱ्या मालिकेच्या अपाचीसाठी बनवलेलं मॉड्यूल सर्व्हर घेत नाही. मॉड्यूलमध्ये एक आवृत्ती-क्रमांक कोरलेला असतो, तो जुळला नाही तर लोड करायलाच नकार.

मग क्रमाने :

१. रीस्टार्ट करण्यापूर्वी कॉन्फिगरेशन तपासणारी कमांड चालवा.
२. मुदत नसलेलं एक फोल्डर उघडून बघा. ते पूर्वीसारखंच उघडलं पाहिजे. ही चाचणी बहुतेक जण विसरतात.
३. दोन मिनिटांनंतरची मुदत ठेवून आधी आणि नंतर रिक्वेस्ट पाठवा.
४. फक्त सवलत दिलेलं आतलं फोल्डर तपासा.
५. चुकीची तारीख लिहून सर्व्हर अडतो का बघा.
६. ‘एबी’ या साधनाने एका वेळी २० अशा हजार रिक्वेस्ट पाठवा आणि मेमरी वाढत जाते का यावर लक्ष ठेवा.

एरर लॉगमध्ये ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ दिसला तर समजायचं की कुठला तरी पॉइंटर भलतीकडे गेला. प्रीफोर्कमध्ये त्या एका प्रोसेसमधली एकच रिक्वेस्ट बळी पडते. थ्रेडच्या पद्धतीत त्या प्रोसेसमधले सगळे थ्रेड एकदम जातात. नेहमीच्या सेटिंगमध्ये एका प्रोसेसला असे २५ कामकरी थ्रेड असतात. एकाच्या चुकीने पंचवीस जण बाहेर! शोध घेण्यासाठी सर्व्हर ‘एक्स’ पर्यायासह एकाच प्रोसेसमध्ये, जीडीबीखाली चालवा आणि नेमकी ओळ पकडा. हे सगळं स्वतःच्या मशीनवर करायचं. विभागाच्या चालू सर्व्हरवर नाही.

कोड रेडची आठवण

‘एवढं काय, कॉलेजचंच तर मॉड्यूल आहे’ असं वाटत असेल, तर २००१ सालची हकीकत ऐका. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरलाही असेच जोड-तुकडे लावता येतात. शोधसेवेसाठीचा असा एक तुकडा त्याबरोबर नेहमीच येत असे. त्यात इनपुटची लांबी नीट न तपासल्यामुळे बफर ओव्हरफ्लो होत होता. तुकडा सर्व्हरच्या आत आणि सिस्टिमच्या पूर्ण अधिकारांनी चालणारा. शोधसेवा बंद असली तरी तो तुकडा जोडलेला असणंच पुरेसं होतं. जून २००१ मध्ये दुरुस्ती जाहीर झाली, पण असंख्य सर्व्हरवर ती कुणी बसवलीच नाही. १९ जुलै २००१ रोजी ‘कोड रेड’ या वर्मने १४ तासांच्या आत ३,५९,००० हून जास्त मशीन्स पकडली.

यात सर्व्हरचा मुख्य भाग चुकला नव्हता, चुकला होता जोड-तुकडा. पण बाहेरच्या जगाला तो फरक दिसत नाही, आणि हल्ला करणाऱ्याला त्याची गरजही नाही. म्हणून ब्राउझरकडून आलेली प्रत्येक अक्षरमाला संशयाने बघा, लांबी मोजा आणि न वापरलेली मॉड्यूल्स बंद ठेवा.

मग मॉड्यूल कधी लिहावं?

सगळ्यात शेवटी हा प्रश्न, पण प्रत्यक्षात तो सगळ्यात आधी विचारायचा. अपाची २.४ मध्ये कॉन्फिगरेशनमध्येच ‘इफ’ लिहून वेळेवरून अडवता येतं. एकाच फोल्डरची एकच मुदत असेल तर तेवढं पुरे, सी लिहायची गरज नाही. पान तयार करणं, डेटाबेसमधून निकाल काढणं अशी कामं पीएचपी किंवा पायथनमध्येच बरी. तिथे चूक झाली तरी सहसा एका पानापुरती राहते.

मॉड्यूल लिहावं ते काम रिक्वेस्टच्या वाटेवरचं असेल तेव्हा. सगळ्या पानांना लागू होणारा नियम, वेगळ्या पद्धतीची ओळख-तपासणी, वेगळा लॉग, किंवा आपल्याकडे आहे तसं फोल्डरनिहाय सेटिंग, सवलत आणि कारणाची नोंद असं एकत्र हवं असेल तेव्हा. सी नको वाटत असेल तर २.४ बरोबर येणाऱ्या मॉड-लुआमधून हेच हूक लुआ भाषेत पकडता येतात. इगोर सिसोएव्ह यांच्या एनजिनएक्समध्येही मॉड्यूल्स आहेत. तिथे नियम वेगळे, पण टप्पे, उत्तरं आणि पूल या तिन्ही कल्पना लगेच ओळखीच्या वाटतील.

करून पाहण्यासाठी दोन प्रश्न. मुदतीनंतर फोल्डर बघता यावं, पण नवीन काही जमा करता येऊ नये, असं हवं असेल तर रिक्वेस्टच्या स्ट्रक्चरमधली कोणती गोष्ट तपासाल? आणि आजारी विद्यार्थ्याला एकट्याला दोन दिवसांची सवलत द्यायची असेल, तर दुसऱ्या टप्प्यावरचं हे फंक्शन कोणत्या टप्प्यावर न्यावं लागेल, आणि का? दुसऱ्याचं उत्तर वरच्या आठ टप्प्यांच्या यादीतच आहे. ‘कोण’ हे कळण्याआधी ‘कोणाला सवलत’ हे ठरवता येत नाही, एवढा इशारा पुरे.

आता कंपायलर उघडा. आणि शुक्रवारचं सबमिशन मात्र वेळेत करा!